हरकती व सूचना

मागून वाचावे

विधेयक हाती आले की मी ते शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. पहिल्या पानावर लांबलचक नाव आणि व्याख्या असतात, त्यात फारसे काही सापडत नाही. मागे उद्देश व कारणे यांचे निवेदन असते आणि त्याखाली मंत्र्यांचे नाव. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे तिजोरीवर किती बोजा पडणार याचा हिशेब. त्याच्यापुढे आणखी एक ज्ञापन असते: कोणकोणत्या कलमांनी सरकारने पुढचे नियम करण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले, याची यादी. ही यादी लांब असेल तर समजावे की कायदा अजून बराचसा लिहायचा राहिला आहे आणि तो सभागृहात लिहिला जाणार नाही.

मग पहिल्या कलमाकडे यावे. कायदा कधी लागू होणार, हे तिथे असते. ‘ताबडतोब’ असेल तर ठीक. ‘शासन राजपत्रात जाहीर करील त्या दिवशी’ असेल तर ती तारीख उद्या येईल किंवा चार वर्षांनी.

सेनगावच्या किंवा औंढ्याच्या माणसाला कायदा भेटतो तो फीच्या तक्त्यात, अर्जाच्या नमुन्यात आणि ‘हा एक कागद कमी आहे’ या वाक्यात. हे तिन्ही विधेयकात नसतात.

२८८ पैकी ३

विधानसभेत २८८ जागा, त्यांत आपल्या जिल्ह्याच्या तीन: वसमत, कळमनुरी, हिंगोली. विधान परिषदेत ७८. तिथे परभणी-हिंगोली मिळून स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक मतदारसंघ आहे. याउपर पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत सगळ्या मराठवाड्याबरोबर आपला वाटा.

खुद्द हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्यासाठी विधेयक लागले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ प्रमाणे शासन अधिसूचना काढून जिल्हा करू शकते. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय मतदानाला टाकायची गरजच नव्हती. तेव्हापासून माझे लक्ष अधिवेशनापेक्षा राजपत्राकडे जास्त असते.

शंभर दाणे

मे महिन्यात आपल्याकडे घरोघर एक परीक्षा चालते. घरच्या सोयाबीनमधून न निवडता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वरून दुसरे ओले पोते टाकायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचे. आठवडाभराने उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बी पेरायला हरकत नाही. त्याहून कमी निघाले तर एकरी बी वाढवायचे, फारच कमी असतील तर ते धान्य मोंढ्यावर नेऊन टाकायचे.

विकतच्या बॅगेतल्या बियाण्याची परीक्षा मात्र थेट रानात होते. तिथे बी निघाले नाही तर कारणे चार असू शकतात. बियाणे खराब होते, पेरा चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेला, पुरेशी ओल नसताना पेरले, किंवा पेरल्यावर पावसाने ताण दिला. सोयाबीनचे वरचे टरफल नाजूक. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती उंचावरून आपटली तरी आतला कोंब दुखावतो. कंपनी शेतकऱ्याकडे बोट दाखवते, शेतकरी दुकानदाराकडे, दुकानदार कंपनीकडे, आणि तोवर दुबार पेरणीची वेळ निघून जाते.

यावर २०२३ मध्ये राज्य सरकारने विधेयके आणली, क्रमांक ४० ते ४४. एक खास नुकसानभरपाईचे: बियाणे, खत किंवा कीटकनाशक सदोष, भेसळीचे, अप्रमाणित निघाल्यास शेतकऱ्याला भरपाई. बाकीची, आधीच्या कायद्यांत दुरुस्ती करून शिक्षा कडक करणारी. त्यांतले एक तर थेट १९८१ च्या एमपीडीए कायद्याला हात घालणारे होते. हा कायदा लोकांच्या तोंडी ‘झोपडपट्टीदादा कायदा’ म्हणून आहे. त्यात हातभट्टीवाले, वाळू तस्कर, धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याची सोय आहे. त्या पंगतीला बोगस बियाणे विकणाराही बसवावा, असा प्रस्ताव होता.

कृषी सेवा केंद्रवाले पेटले. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला राज्यभर दुकाने बंद राहिली. त्यांचे म्हणणे: आम्ही सीलबंद पिशवी विकतो, आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही, मग हातभट्टीवाल्याच्या शेजारी आम्हाला कशाला बसवता? म्हणणे सगळेच चूक नव्हते. विधेयके समितीकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्यांचा कायदा झाला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ प्रमाणे, विधानसभेत पडून असलेले विधेयक सभा विसर्जित झाली की व्यपगत होते.

मोंढ्याजवळच्या एका दुकानासमोर एक शेतकरी दुकानदाराला विचारत होता, “बी निघालं नाही तं पावती कोणाला दाखवू?” दुकानदार म्हणाला, “मलाच दाखवा, मी कंपनीला दाखवतो.” एवढ्या दोन वाक्यांत सगळा पेच आहे. तालुका पातळीवरची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते, अहवाल देते. पैसे मिळवायचे तर त्यानंतर ग्राहक आयोगाची पायरी. पेरणी, पंचनामा आणि पैसे यांच्यामधला काळ कमी करणे, हे विधेयकाचे खरे काम होते. भांडण मात्र झोपडपट्टीदादावरच झाले.

पाचशेचा बाँड

ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेश निघाला, मुद्रांक कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनेक कामांसाठीचा शंभराचा बाँड गेला, पाचशेचा आला. शेतातल्या मजुरीच्या एक-दोन दिवसांइतकी ही वाढ. पुढे मार्च २०२५ मध्ये महसूल खात्याने जाहीर केले की जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागणार नाही.

गंमत पुढेच आहे. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ झालेले होते. मधली वीस वर्षे लोक रांगेत उभे राहून शंभराचे बाँड घेत होते, अर्ज लिहून देणारा ‘बाँड आणला का?’ म्हणून विचारत होता आणि खिडकीवरचा माणूसही तो मागत होता. कोणी कोणाला फसवत नव्हते. माफीचा कागद वरून निघाला आणि खाली पोचलाच नाही, एवढेच.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. न लागणारा कागद मागितला तर काय, हे त्यात असते तर जास्त उपयोग झाला असता.

झोपलेली विधेयके

गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळात १९९५ साली मंजूर झाली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून लागू झाली मार्च २०१५ मध्ये. ज्यांनी मत दिले त्यांतले कितीतरी जण तोवर सभागृहातून गेले होते. बैलबाजारातला हिशेब मात्र एका आठवड्यात बदलला: थकलेल्या बैलाचे काय करायचे, हा प्रश्न वीस वर्षे कागदावर होता, तो दावणीला येऊन उभा राहिला.

शक्ती विधेयक उलट. महिलांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यांत तपास लवकर आणि शिक्षा कडक, असे ते होते. डिसेंबर २०२० मध्ये मांडले, संयुक्त समितीकडे गेले, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. मग राष्ट्रपतींच्या संमतीची वाट. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली आणि न्याय संहिता आली. ज्या कायद्यात दुरुस्ती करायची तोच जागेवर राहिला नाही.

भूजल कायद्याचे नाव २००९ चे, तो लागू झाला जून २०१४ मध्ये आणि त्याच्या नियमांचा मसुदा निघाला जुलै २०१८ मध्ये. बोअर घेणाऱ्या गाड्या मधल्या काळात गावात येऊन कितीदा गेल्या, ते शिवारातल्या कोरड्या केसिंग पाइपांवरून मोजावे.

निजाम गेला, कायदा राहिला

आपल्या स्टेशनच्या पाटीवर अजून ‘हिंगोली डेक्कन’ आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण अजून थोडे हैदराबादेतच राहतो. पुणे-साताऱ्याच्या कुळाला जो कायदा लागू, तो आपल्याकडे नाही. इथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा. इनामांसाठी १९५४ चा हैदराबाद इनाम व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा. पुण्याहून जमीन घ्यायला आलेला माणूस आणि त्याचा वकील इथे येऊन पहिल्यांदा गडबडतात ते यामुळे.

मदतमाश इनामाच्या जमिनी घेऊन त्यांवर घरे, दुकाने, प्लॉट झालेले कित्येक आहेत. ते नियमित करायचे तर नजराणा भरावा लागे आणि तो होता बाजारमूल्याच्या ५० टक्के. साहजिकच कोणी भरत नव्हते. २०२४ मध्ये दुरुस्ती करून तो ५ टक्क्यांवर आणला. इथेही मोठा बदल एका आकड्यात होता. वर्तमानपत्रात त्याची बातमी आतल्या पानावर आली.

१९५४ चे खासरा पत्रक हे मराठवाड्यातल्या माणसाचे दुसरे जन्मपत्र. जमिनीसाठी ते पूर्वीही काढले जायचे. आता जातीच्या दाखल्यासाठी काढले जाते.

शासन निर्णय

त्याच धाग्यावरचे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला रद्द ठरवला. २० फेब्रुवारी २०२४ ला खास अधिवेशनात १० टक्क्यांचे विधेयक एकमताने मंजूर झाले. मग ऑगस्टअखेर २०२५ मध्ये मनोज जरांगे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखल्यांची कार्यपद्धती सांगणारा शासन निर्णय निघाला.

त्या आठवड्यात हिंगोलीच्या चहाच्या टपरीवर जो तो मोबाइलवर तो शासन निर्णय वाचत होता. मराठा पोरे वाचत होती, ओबीसी पोरेही वाचत होती. एकाला तो अपुरा वाटत होता, दुसऱ्याला अन्याय. दोघेही एकाच परिच्छेदावर बोट ठेवून भांडत होते. खास अधिवेशनातले विधेयक त्यांच्यापैकी किती जणांनी वाचले असेल, शंका आहे. लोकांना कळते की आपला कागद कुठल्या कागदावरून निघणार आहे. ते नेमका तोच वाचतात.

सरपंच: बाहेर, आत, बाहेर

२०१७ ला कायदा झाला की सरपंच थेट जनतेतून. २०१९ च्या अखेरीस सरकार बदलले, २०२० ला कायदा बदलला: सरपंच सदस्यांतून. २०२२ ला सरकार पुन्हा बदलले: सरपंच पुन्हा थेट जनतेतून. नगराध्यक्षाचे २०१६ पासून तसेच. बाजार समितीत शेतकऱ्याने थेट मत द्यावे की नाही, यावरही असेच उलटसुलट निर्णय झाले.

दोन्ही बाजूंनी सभागृहात लोकशाहीचे दाखले दिले गेले. गावात मात्र एवढेच पाहिले गेले की पॅनल कसे बांधायचे. थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे, अशा गावात ग्रामपंचायतीची बैठक कशी चालते, हे कुठल्याही समितीने येऊन पाहावे. ठराव पास होतो, सही होत नाही.

याच क्षेत्रातली एक दुरुस्ती मात्र टिकली. १९९० च्या सुमाराला महिलांना तिसरा हिस्सा, २०११ ला निम्म्या जागा. सुरुवातीला सरपंचबाईंचे नवरेच बैठकीत बोलायचे. अजूनही काही ठिकाणी बोलतात. पण आता खुर्चीवर बसलेल्या बाई “थांबा, मी सांगते” म्हणतात, हे मी ऐकले आहे. कायदा न बदलता तसाच राहू दिला तर त्याला असे मूळ धरायला वेळ मिळतो.

तुकडा आणि वाट

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. हेतू सरळ: शेत वाटून वाटून कसता येणार नाही इतके लहान होऊ नये. २०२३ ला प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे केले. त्याहून लहान तुकड्याची खरेदी नोंदवली जात नाही.

पण घर बांधायला कोणाला वीस गुंठे लागतात? म्हणून गावाला लागून, रस्त्याच्या कडेला, एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार नोटरीवर, विश्वासावर झाले. पैसे गेले, घर उभे राहिले, सातबारावर नाव नाही. नाव नाही म्हणून कर्ज नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये असे व्यवहार नियमित करण्याचे शुल्क २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सभागृहात त्याहून पुढची सवलत जाहीर केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कायदा इथे लोकांनीच आधी मोडला आणि सरकार नंतर आले.

वाटेचे उलटे. शेतात जायला वाट नाही, शेजाऱ्याने बांध नांगरला, ट्रॅक्टर अडवला, तर तहसीलदारासमोर जो दावा चालतो तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. एकशे वीस वर्षांपूर्वीचा, मुंबई इलाख्यातला, आणि आजही रोज वापरात. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, एवढे लक्षात ठेवले की झाले. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो तीन मीटर रुंद ठेवून त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायला सांगितले आहे. बैलगाडीच्या काळात आखलेल्या वाटेवर आता हळद नेणारा ट्रॅक्टर आणि सोयाबीनचे हार्वेस्टर जायचे आहे, त्यामुळे मोजपट्टीचा आकडा महत्त्वाचा.

सातबारातला ‘इतर हक्क’ हा रकाना मला फार आवडतो. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, सगळे त्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने बसलेले असते. राज्यातल्या निम्म्या दिवाणी कायद्यांची खूण तिथे सापडते.

पागे योजना

चांगला कायदा कसा होतो याचे आपल्याकडचे उदाहरण जुने आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमाराला सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या विसापूरला हाताला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ चा दुष्काळ आला. आपल्याकडची म्हातारी माणसे अजून त्या कामांवरच्या सुकडीची चव सांगतात, खडीच्या ढिगाऱ्याची मापे सांगतात. योजना तोवर हाताशी होती, ती राज्यभर गेली. १९७५ ला पैशाची सोय म्हणून व्यवसाय कर आला. १९७७ ला रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर २६ वर्षांनी, २००५ ला.

क्रम पाहा. आधी एका गावात करून पाहिले, मग राज्यात राबवले, मग पैसे कुठून येणार ते ठरवले आणि सगळ्यांत शेवटी कायदा केला. आज हिंगोलीतल्या शिक्षकाच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, त्याची मुळे त्या खडीच्या ढिगाऱ्यात आहेत. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचे काम पुरवायचे, अशी ती जोडणी होती. कर राहिला, तो का बसवला होता, हे शिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते.

ठराव

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे झाले ते आपल्या भागातल्या लोकांनी पाहिले आहे आणि काहींनी केलेही आहे. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले आणि आपली महाविद्यालये तिकडे गेली.

सभागृहाने हात वर केले तो दिवस आणि पाटीवर नाव आले तो दिवस यांमध्ये साडेपंधरा वर्षे. मधल्या काळात गेलेल्या माणसांचा हिशेब कुठल्याच वित्तीय ज्ञापनात नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याचेही असेच. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे तो मागत होते. मसुदा बदलत गेला, कलमे गळत गेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जो मसुदा इतकी वर्षे ‘आणखी विचार करू’ म्हणून थांबला होता, त्याचा विचार काही दिवसांत पूर्ण झाला.

बारा हजार पत्रे

जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आले, डिसेंबरात पुन्हा मांडले गेले, मग संयुक्त समितीकडे गेले. समितीने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. मुदत होती १ एप्रिल २०२५. बारा हजारांहून अधिक आल्या. समितीने मसुद्यात बदल केले: ‘व्यक्ती आणि संघटना’ असे जे मोघम होते त्याऐवजी कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपासी अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला. १० जुलैला ते विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत मंजूर झाले. बदल पुरेसे होते का, यावर वाद आहे आणि माझे मत ‘नव्हते’ असे आहे. पण पत्रांमुळे एक शब्दही हलत नाही, असे आता म्हणता येणार नाही.

त्या बारा हजारांत आपल्या जिल्ह्यातली किती, हे शोधण्यापेक्षा एक साधा हिशेब मांडावा. ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी जून-जुलैत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तिन्ही अधिवेशने दोन ग्रामसभांच्या मधल्या फटीत बसतात. जनसुरक्षा विधेयकावरच्या सूचनांची मुदतही तशीच गेली: २६ जानेवारीनंतर, १ मेच्या आधी. गावाने एकत्र बसून मसुद्यावर बोलायचे ठरवले तरी पंचांगात जागा नाही.

गाव बोलले तर काय होते ते हेरवाडने दाखवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांसाठी परिपत्रक काढले.

सूचना कशी लिहावी

लांब लिहू नये. वर विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष. मग कलमाचा क्रमांक. मग त्या कलमाने आपल्या गावात प्रत्यक्ष काय होईल, ते दोन ओळींत. मग त्याऐवजी काय असावे, ते पूर्ण वाक्यात, कारण मसुदा लिहिणारा माणूस तयार वाक्य उचलतो, तळमळ उचलत नाही.

बियाण्याचे विधेयक पुन्हा कधी आले तर माझी सूचना तयार आहे. पावतीवर लॉट क्रमांक लिहिणे दुकानदाराला सक्तीचे. तक्रार आल्यापासून पंचनाम्याची मुदत दुबार पेरणीच्या आत संपणारी, कारण जुलैच्या मध्यानंतर आलेला अधिकारी पंचनामा करतो त्या रानात तोवर दुसरेच पीक असते. प्रत्येक लॉटचे नमुने तालुक्यात हंगामभर राखून ठेवावेत, म्हणजे ‘पाऊस नव्हता’ की ‘बी नव्हते’ याचा निकाल ओल्या गोणपाटावर आठवड्यात लागेल. आणि भरपाई आधी कंपनीने द्यावी. दुकानदाराचा दोष निघाला तर तिने ती त्याच्याकडून वसूल करावी. शेतकऱ्याने मात्र आजच एवढे करावे: रिकामी पिशवी, तिचा टॅग, पावती आणि मूठभर बी दिवाळीपर्यंत टाकू नये.

दुसरी सूचना कुठल्याही विधेयकाला लागू. लोकांकडून हरकती मागवायच्या असतील तर त्या मुदतीत निदान एक ग्रामसभा आलीच पाहिजे, आणि मसुद्याचा मराठी गोषवारा तिच्या विषयपत्रिकेवर पाहिजे. यासाठी कायदा करायची गरज नाही. ग्रामविकास खात्याचा एक शासन निर्णय पुरेल.